निवृत्तीनंतर गजर बंद करू नका

राज्य सरकारचा बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, रेल्वेचा ६० व्या. निरोप समारंभात शाल-श्रीफळ देताना जो तो सांगतो, आता आराम करा. काही महिन्यांनी त्यांच्यातलेच कितीतरी जण रात्री झोप लागत नाही म्हणून दवाखान्यात बसलेले असतात, आणि घरचे म्हणतात, वयच झालं. माझं म्हणणं असं की, यातल्या बऱ्याच जणांच्या झोपेचा दोष वयाकडे कमी आणि त्या ‘आराम करा’कडे जास्त जातो. वयाबरोबर झोप उथळ होते, मध्येच जाग येते, शरीराचं घड्याळ थोडं लवकर चालू लागतं, हे खरं. पण झोपेची गरज फारशी घटत नाही. पासष्टीनंतरही सात ते आठ तास झोप हवी, असं तज्ज्ञ सांगतात. आता दुपारी दोन तास झोपून रात्री नऊला अंथरुणावर पडलेल्या माणसाला साडेतीनला जाग आली, तर तो निद्रानाश नव्हे. बेरीज करून पाहावी.

निवृत्तीनेच झोप बिघडते, असंही नाही. फ्रान्सच्या वीज आणि गॅस कंपनीतल्या १४ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या निवृत्तीआधीच्या आणि नंतरच्या सात-सात वर्षांच्या नोंदी तपासून २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निवृत्तीनंतर झोपेच्या तक्रारींची शक्यता २६ टक्क्यांनी कमी आढळली. मात्र त्या मंडळींना पगाराच्या सुमारे ८० टक्के पेन्शन होती. आपल्याकडे ईपीएस-९५ ची किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे. तेवढ्यावर भागवणाऱ्या विडी कामगाराला किंवा राईस मिलच्या मजुराला दिनचर्येचे धडे देणं ही थट्टाच होईल, त्याची झोप पैशाच्या काळजीने उडते. हा लेख त्यांच्यासाठी आहे, ज्यांची पेन्शन वेळेवर जमा होते आणि तरीही डोळा लागत नाही.

झोप दोन गोष्टींवर चालते. किती तास जागे राहिलो, यावर तिची ओढ ठरते. आणि सकाळचा उजेड डोळ्यांवर कधी पडला, यावर शरीराचं घड्याळ लागतं. नोकरीत असताना या दोन्हींची व्यवस्था हजेरीपटाने लावलेली असते. हजेरी सुटली की उठायची वेळ आधी ढिली होते, मग झोपायची. म्हणून सांभाळायची ती उठायची वेळ. झोपायची वेळ ठरवून झोप येत नसते. आणि उजेडाच्या बाबतीत गोंदियाकर नशीबवानच. घड्याळ एकच असूनही इथे सूर्य मुंबईच्या जवळपास अर्धा तास आधी उगवतो, जूनच्या सुरुवातीला तर साडेपाचच्या आत-बाहेर. धानपट्ट्यातला शेतकरी सत्तरीतही रोवणीच्या दिवसांत सकाळी बांधावर असतो, त्याला हे शिकवावं लागत नाही. अर्थात रानडुकरांपासून धान राखायला जागलीवर जाणाऱ्याच्या झोपेचे हाल कुणी वाखाणू नयेत.

आयुष्यभर ड्युटी केली, आता तरी मनासारखं झोपू द्या, असं कुणी म्हणेल. हावडा-मुंबई मार्गावरच्या गोंदिया जंक्शनवर रात्रपाळ्या केलेल्या रेल्वेवाल्याने हे म्हटलं तर त्याचा हक्कच आहे. पण ठरलेली वेळ म्हणजे पहाटे चारच, असं कुठे आहे? सात चालेल, फक्त रोज सात. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, झाडीपट्टीचं नाटक पहाटेपर्यंत रंगतं, ते खुशाल पाहावं. एका जागरणाने घडी मोडत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना दुपारची झोप सोडा, असं विदर्भात कुणी सांगू नये आणि सांगितलं तर ऐकू नये. ती तीनच्या आत उरकावी आणि अर्ध्या तासावर नेऊ नये, एवढंच.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: झोपमोडीमागे आजारही असतो. घोरताना श्वास अडकणं, लघवीला वारंवार उठावं लागणं, गुडघेदुखी, मुलं पुण्याला गेल्यावर आलेलं एकटेपण, यांवर गजर हा उपाय नाही. त्यासाठी डॉक्टरच हवेत. मात्र तिथे जाऊन नुसती गोळी मागू नये. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी म्हातारपणी तोल जातो, पडून खुब्याचं हाड मोडतं, विसराळूपणा वाढतो, म्हणून त्या शक्यतो टाळाव्यात, असं वृद्धांवर उपचार करणारे तज्ज्ञ सांगतात. ज्यांना आधीच सवय लागली आहे, त्यांनी ती मनाने अचानक तोडू नये, तेही धोक्याचं असतं.

कोण कधी निवृत्त होणार, हे जिल्हा परिषदेला आणि रेल्वेला आधीच ठाऊक असतं. पेन्शनचे कागद तयार करताना झोप आणि दिनचर्येवर डॉक्टरांचं तासभर व्याख्यान ठेवणं त्यांना जड नाही. घरच्यांनीही ‘तुम्ही बसा’ म्हणण्याऐवजी सकाळचं एखादं काम त्यांच्याकडे सोपवावं, नातवाला शाळेत पोहोचवण्यासारखं, ज्याला उशीर करून चालत नाही. आणि निवृत्तांनी गोळी मागण्याआधी दोन आठवडे रोज एकाच वेळी उठून पाहावं.