टोर्नेडो किती येतात? त्यापेक्षा विचारा, कधी येतात

20 ऑक्टोबर 2019. सोमवारची सकाळ उजाडली होती आपल्याकडे, पण डॅलसमध्ये अजून रविवार रात्रीचे नऊच वाजत होते. तिथे राहणाऱ्या दादाचा मेसेज आला: ‘आम्ही सगळे बाथरूममध्ये बसलोय. फोन बोंबलतोय.’ मला आधी वाटलं, मस्करी करतोय. टोर्नेडो आणि ऑक्टोबरमध्ये? तोही रात्री? पण त्याच वेळी उत्तर डॅलसमधून ईएफ-3 तीव्रतेचा टोर्नेडो घरांची छपरं उडवत चालला होता. सुदैवाने त्यात कुणाचाही जीव गेला नाही.

आधी एक गोंधळ दूर करू. आपल्या बातम्यांमध्ये टोर्नेडोलाही सर्रास ‘चक्रीवादळ’ म्हणतात. पण चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं, शेकडो किलोमीटर पसरतं आणि काही दिवस आधी कळतं. टोर्नेडो म्हणजे गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला हवेचा भोवरा. तो अनेकदा काही मिनिटांतच संपतो, आणि इशाराही साधारण दहाएक मिनिटं आधीच मिळतो.

अमेरिकेत वर्षाला सरासरी 1,200 टोर्नेडो येतात. जगात सर्वांत जास्त तिथेच, आणि राज्यांमध्ये टेक्सास पहिलं. सर्वाधिक टोर्नेडो मे महिन्यात येतात, दिवसातली मुख्य वेळ दुपारी चार ते रात्री नऊ. याचं कारण सोपं आहे. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट गरम हवा, पश्चिमेकडची कोरडी हवा आणि वर वाहणारे वेगवान वारे, हे तिन्ही एकत्र आले की ढग फिरायला लागतात. उन्हाळा जवळ येतो तसा वरच्या वाऱ्यांचा पट्टा उत्तरेला सरकतो, आणि त्याच्यामागे टोर्नेडोचा हंगामही. आखाताजवळ तो लवकर सुरू होतो, टेक्सास-ओक्लाहोमात मे महिन्यात जोर धरतो, तर डाकोटात जून-जुलैमध्ये.

इथपर्यंत सगळं सरासरीचं झालं. पण सरासरी कुणाचा जीव वाचवत नाही.

अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी या आग्नेयेकडच्या राज्यांत नोव्हेंबरमध्ये दुसरा हंगाम येतो, आणि तिथले बरेच टोर्नेडो रात्री येतात. अंधार, झाडी, डोंगर, त्यामुळे येताना दिसत नाही. शिवाय पायाला न बांधलेली हलकी मोबाइल घरंही तिथे खूप. दिवसाच्या तुलनेत रात्रीचा टोर्नेडो जीव घेण्याची शक्यता दुपटीहून जास्त असते. केंटकीत डिसेंबर 2021 मध्ये मेफिल्ड गाव रात्री उद्ध्वस्त झालं. त्याच राज्यात 16 मे 2025 च्या रात्री एका टोर्नेडोने 19 जणांचा बळी घेतला.

आकडा छोटा म्हणून धोकाही छोटा, असंही नसतं. बांगलादेशात अमेरिकेपेक्षा खूप कमी टोर्नेडो येतात. पण 26 एप्रिल 1989 ला दौलतपूर-साटुरिया भागात एकाच टोर्नेडोत सुमारे 1,300 माणसं गेली. दाट वस्ती, कच्ची घरं आणि वेळेवर इशारा नाही.

झोपलेल्या माणसाला उठवणार कोण? फोन. दादाचा फोन बोंबलला तो सेल ब्रॉडकास्टमुळे. यात टॉवर आपल्या भागातल्या सगळ्या फोनना एकाच वेळी संदेश सोडतो. नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, नेटवर्कवर गर्दी असली तरी तो पोहोचतो. फक्त फोन टॉवरला जोडलेला हवा. रात्री एअरप्लेन मोड लावून झोपलात, तर तो येणार नाही.

हीच यंत्रणा आपल्याकडेही आहे. 2023 मध्ये तिच्या चाचणीचा कर्कश्श आवाज आला, तेव्हा आमच्या ऑफिसात निम्म्या लोकांनी आधी तो बंद कसा करायचा ते शोधलं. मीही त्यातलाच. दादाचा मेसेज आठवला आणि परत चालू केला.

महाराष्ट्राला टोर्नेडोची भीती फारशी नाही, पण पूर, वीज आणि चक्रीवादळं आहेतच. आत्ताच सेटिंग्जमध्ये ‘इमर्जन्सी अलर्ट’ शोधा. बंद असेल तर चालू करा. आणि घरात आई-बाबांचा फोनही बघा.