अंतर्गळ: वारसा आणि वर्तन

अंतर्गळ, ज्यास हल्लीं सर्रास हर्निया म्हणतात, त्याविषयीं घरांत उघड बोलणें असभ्यपणाचें समजलें जातें. आजोबांस तो होता, वडिलांवर शस्त्रक्रिया झाली, याचा मुलास पत्ताही नसतो. आणि लागलाच तर "आमच्या घराण्यांतच आहे तें" एवढ्यावर विषय संपतो. हें मौन आणि ही हताश भाषा, दोन्ही आम्हांस सारखींच घातक वाटतात.

वारसा खोटा नव्हे. आईबाप वा भावंडें यांपैकीं कोणास अंतर्गळ असल्यास इतरांसही तो होण्याचा संभव वाढतो. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनांत जांघेंतील अंतर्गळाशीं संबंध असलेलीं चार जनुकस्थानें आढळलीं. पोटाच्या भिंतीस बळकटी देणारे कोलॅजेनचे तंतू कांहीं जणांत उपजतच नाजूक असतात. शिवाय गर्भावस्थेंत वृषण पोटांतून खालीं उतरतांना जी वाट पडते, ती कित्येक मुलांत पुरती बुजत नाहीं. जांघेंतील अंतर्गळ पुरुषांत फार आढळतो तो यामुळेंही.

परंतु वारशानें येतो तो भिंतीचा कच्चेपणा. तिच्यावर भार किती टाकावा हें पुष्कळ अंशीं आपल्या हातीं असतें. विडी-सिगारेटचा धूर जुनाट खोकला जडवितोच, वर त्या तंतूंसही क्षीण करतो. म्हणून अशा घराण्यांतील तरुणांनीं तरी तिच्या वाटेस जाऊं नये. शौचास रोज कुंथावें लागत असेल, तर भाजीपाला, कडधान्यें व पाणी यांकडे आधीं पाहावें. ओझें गुडघे वांकवून, अंगालगत धरून उचलावें. श्वास कोंडून आपल्या ताकदीपलीकडचें वजन चारचौघांत उचलून दाखविण्यांत कसलें शौर्य, हें आम्हांस तरी उमगलेलें नाहीं! सुटलेलें पोट बेंबीच्या व जुन्या व्रणाच्या ठिकाणच्या अंतर्गळास अनुकूल ठरतें. एवढें सांभाळूनही तो होणारच नाहीं, अशी हमी मात्र कोणी देऊं नये.

एकदां झालेला अंतर्गळ मोठ्या माणसांत व्यायामानें, चोळण्यानें किंवा पट्ट्यानें बरा होत नाहीं. त्यास शस्त्रक्रियाच लागते. तान्ह्या मुलाची फुगलेली बेंबी बहुधा चारपांच वर्षांत आपोआप बसते. तीवर नाणें बांधण्याची चाल निरुपयोगी आहे. त्याच्या जांघेंतील फुगवटा मात्र आपोआप जात नाहीं. तो त्वरित शल्यवैद्यास दाखवावा.

विद्यार्थ्यांस आमचें सांगणें एवढेंच, कीं खोकतांना जांघेंत गांठ वर येते असें दिसल्यास लाजून लपवूं नये. त्याच दिवशीं घरीं सांगावें. आणि घरच्यांनीं त्यास हंसूं नये. नेहमीं आंत जाणारी गांठ जाईनाशी झाली, दुखूं लागली, ओकाऱ्या सुरू झाल्या, तर आंतड्याचा रक्तपुरवठा तुटत असण्याचें भय असतें. अशा वेळीं सकाळची वाट न पाहतां, रात्र असली तरी, रुग्णालय गांठावें.