वरातीमागून मीटर

गणपतीला थळला गेलो होतो. चुलतभावाने हौसेने मागवलेला गायगर काउंटर बाहेर काढला. पडवीत ठेवला, टिकटिकला. वाडीत नारळाच्या बुंध्याशी ठेवला, जरा जास्तच टिकटिकला. "बघ, हे ट्रॉम्बेचं वारं!" दादा म्हणाला. काकांनी पेपरातून मान वर न काढता निकाल दिला, "काही होत नाही. सरकार मोजतंय ना?"

दोघांशी भांडून घसा बसला, म्हणून आता इथे.

दादा, आधी तुझं. तो डबा टिकटिक मोजतो, कशाची ते सांगत नाही. मातीत पोटॅशियम-४० असतंच, जगाची सरासरी किलोमागे ४०० बेकरेल. शिवाय नारळाला पोटॅश तूच घालतोस! सीझियम-१३७ ओळखायचं तर माती वाळवून, चाळून, शिशाच्या कवचातल्या डिटेक्टरमध्ये तासन्‌तास ठेवावी लागते. ६६२ केईव्हीवर रेघ उमटली तर ते सीझियम. आणि उमटली तरी लगेच ट्रॉम्बेकडे बोट नको. १९५० आणि ६०च्या दशकांतल्या बॉम्बचाचण्यांचं सीझियम जगभरच्या मातीत पडलंय. अर्धायुष्य ३० वर्षं, म्हणजे अजून सगळं गेलेलं नाही.

काका, आता तुमचं. भाभा केंद्राचं देशभर मोजणीचं जाळं आहे, मान्य. पण हवेतला डोस म्हणजे आपल्या वाडीतली धूळ नव्हे. २०११ साली फुकुशिमानंतर सीझियम पावसाबरोबर कुठे भरपूर उतरलं, कुठे नावाला. 'सेफकास्ट'चे स्वयंसेवक गाडीला मीटर लावून रस्तोरस्ती फिरले आणि आकडे सर्वांसाठी खुले केले. तिथून १७० किलोमीटरवरच्या त्सुकुबामध्ये हवेच्या फिल्टरवर सीझियमने भरलेले काचेसारखे कण सापडले, जेमतेम दोन-तीन मायक्रॉनचे. असा एक कण किलोभर मातीत मिसळला की सरासरीत दिसेनासा होतो. श्वास मात्र सरासरीने घेता येत नाही!

चेर्नोबिलनंतर आयर्लंडचं लोणी मुंबईत आलं, तो वाद आठवतो? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तज्ज्ञ समिती नेमली गेली, १९८८ साली लोणी खाण्यायोग्य ठरलं. निकाल चुकीचा होता असं मी म्हणत नाही. पण लोणी आधी बंदरात आणि शंका नंतर, हा क्रम मला खटकतो.

ट्रॉम्बे थळपासून सरळ रेषेत ३५-४० किलोमीटर. काहीही घडलेलं नाही, म्हणूनच आज मोजायला हवं. 'आधी'चा आकडा हाताशी नसेल तर 'नंतर'च्या आकड्यावरून नुसती भांडणं होतील, आपल्या पडवीत झाली तशी. आयोडीन-१३१ तर आठ दिवसांत निम्मं होतं. समिती बसेपर्यंत ते पुरावा ठेवत नाही. गावागावातल्या मातीचा आकडा आजच्या तारखेसह ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. अणुऊर्जेच्या बाजूचे असा की विरुद्ध, यात कोणाचं काय बिघडतं?

दिवाळीत येतोय. पाच ठिकाणची वरची पाच सेंटिमीटर माती काढून, वाळवून, तारीख घालून ठेवणार आहे. मोजून देणारी प्रयोगशाळा शोधणं चालू आहे.

काकू, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या टाकू नका.