रंग बंदुकीचा, पैसा बापाचा

मागच्या आठवड्यात ओळखीचे एक गृहस्थ मोबाईल घेऊन ऑफिसात आले. "साहेब, खात्यातनं पैसे चोरीला गेलेत, बातमी लावा." स्टेटमेंट बघितलं. ८९, १५९, ४४९... असे अकरा व्यवहार. एकूण दोन हजारांच्या वर. चोर घरातच होता. आठवीतला पोरगा. ऑनलाइन गेममधल्या बंदुकीची 'स्किन' मिळावी म्हणून पैसे भरून पेट्या उघडत बसला होता.

बापाने विचारलं, "त्यानं गोळी जोरात लागती का रं?"
"नाही पप्पा, फक्त भारी दिसते. साध्या बंदुकीवर खेळलं की पोरं नूब म्हणतात."

हौसेला माझा विरोध नाही. आपणही गाडीला फॅन्सी नंबर घेतोच की! पण तिथे पैसे भरले की ठरलेला नंबर मिळतो. उद्या आरटीओ म्हणालं, "पैसे भरा, चिठ्ठी काढा, निघेल तो नंबर तुमचा. नाही आवडला तर पुन्हा भरा," तर आपण मोर्चा काढू. गेममधली पेटी म्हणजे हीच चिठ्ठी. आणि ती काढतंय कोण, तर आपलं पोर.

बरं, मिळालेली वस्तू तरी आपली का? तीही नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी मोबाईलवर बंदी आली आणि ऑक्टोबरअखेर सर्व्हर बंद. विकत घेतलेलं सगळं अडकलं. पुढच्या वर्षी नवा गेम आल्यावर ते हलवता आलं, पण कंपनीने दिलेल्या मुदतीतच.

२०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चर्चा झाली ती रमीची आणि फॅन्टसी क्रिकेटची. या पेट्यांवर कोणी फारसं बोललं नाही. बेल्जियमने २०१८ मध्येच अशा पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडे निदान एवढं तरी करा: अल्पवयीन मुलाच्या प्रत्येक खरेदीला पालकांची परवानगी, आणि पेटीतून काय निघण्याची शक्यता किती, ते पेटीवरच मराठीत.

तोवर आपल्या हातात आहे ते करूया. यूपीआयचा पिन पोरांना सांगू नका. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा. आणि पोराला मारण्याआधी एकदा शेजारी बसून तो गेम बघा.

चोरीची बातमी मी लावली नाही. आरोपी म्हणून नाव कोणाचं टाकणार? म्हणून ही पोस्ट.