कुलूप आहे, पण किल्ली?

मोटारीच्या काचेमागे बसवलेला डॅशकॅम रस्त्याचे चित्रण करतो. ते फोनवर घ्यायला पुष्कळदा तार लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. डॅशकॅम स्वतःच एक छोटे वाय-फाय केंद्र बनतो व फोन थेट त्याला जोडला जातो. या लहरी बहुधा २.४ गिगाहर्ट्‌झच्या, म्हणजे सुमारे १२.५ सेंटिमीटर तरंगलांबीच्या असतात. मोटारीचा पत्रा त्यांना अडवतो, साधी काच अडवत नाही. साहजिकच शेजारच्या मोटारीपर्यंत त्या सहज पोचतात.

माझा आक्षेप आहे तो इथे. कित्येक डॅशकॅमचा मूळ पासवर्ड १२३४५६७८ असा असतो आणि तो माहितीपुस्तिकेत चक्क छापलेला असतो! चित्रणात मात्र तुमच्या जाण्यायेण्याच्या वाटा, वेळा, कधी आतले बोलणेही असते. विद्यार्थी मित्रांनो, घरच्या मोटारीत असा डॅशकॅम असेल तर पासवर्ड आजच बदलून घ्या. पण हे ओझे एकट्या गिऱ्हाइकावर का? ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून अशा उपकरणांना सरसकट एकच पासवर्ड देण्यास कायद्याने बंदी केली आहे. प्रत्येक डॅशकॅमवर वेगळ्या पासवर्डची चिठ्ठी डकवणे कारखान्याला मुळीच अवघड नाही.