सिलिंडरशिवाय समुद्र

मैत्रिणीचे मालवणच्या स्कुबाचे फोटो पाहून लेक म्हणाली, “अब्बू, आपण केळव्याला करूया!” इथलं पाणी गाळाचं, बुडी मारून काय दिसणार? पण ओहोटीला काळे खडक उघडे पडतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा तो. खळग्यांत उरलेल्या पाण्यात समुद्रफुलं, खेकडे, शंख नुसतं उकिडवं बसून दिसतात. चांदच्या २-३ किंवा १६-१७ तारखेला उधाण असतं. तेव्हा सूर्योदयाच्या आसपास पाणी सर्वांत मागे जातं. फज्र पढून निघावं. भरती मात्र पाठीमागच्या सखल वाळूत आधी शिरते. गेल्या खेपेला मी ‘पाचच मिनिटं’ म्हणालो आणि लेकीला खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून परतलो. हे तिच्या अम्मीला आज इथेच कळतंय.