फॉरमॅट मारण्याआधी थांबा!

झेरॉक्सच्या दुकानात लावलेला पेनड्राइव्ह घरच्या पीसीला जोडला आणि सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले. जुन्नर असो की मंचर, यावर सल्ला एकच मिळतो, 'फॉरमॅट मार!' आम्हीही मारला. व्हायरस गेला, सोबत आजोबांचे शेवटचे फोटोही गेले.

नंतर कळलं, शॉर्टकट व्हायरस बहुतेक वेळा फाइल पुसत नाही, नुसती लपवतो. त्या शॉर्टकटवर क्लिक न करता आधी नेट बंद करायचं, अँटिव्हायरसने पूर्ण स्कॅन करायचा, मग 'अ‍ॅट्रिब' कमांडने लपलेल्या फाइल्स परत दिसू लागतात. फॉरमॅट हा शेवटचा उपाय, तोही डेटा बाहेर काढल्यावर.

पण रॅन्समवेअर फाइल्सना कुलूपच लावतो. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय'ने जगभर हेच केलं. त्यावरचा विंडोजचा अपडेट मार्चमध्येच आला होता! अशा वेळी खरा आधार बॅकअपचाच, तोही पीसीपासून काढून ठेवलेल्या डिस्कवर.

बराखीत कांदा भरताना सडका आपण आधी वेचतो ना? मग पेनड्राइव्ह लावताना एवढी घाई कशाला?